मागच्याच बसवा

दिवाळी अंकासाठी दुकानाच्या आठवणी लिहून द्या, असं सांगायला एक मुलगी आली होती. मी तिला विचारलं, "वाचणार कोण?" ती म्हणाली, "वेगळ्या धंद्यातलं वाचायला लोकांना आवडतं." आवडत असेल. मी चौथी शिकलेली बाई. मला लिहिता-वाचता येतं आणि गाडीच्या वायरिंगमध्ये करंट कुठं मरतो ते शोधता येतं. ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसले आहे ती मला स्वतःलाच अजून कळलेली नाही. तेव्हा शेवटी काही उलगडा होईल या आशेनं वाचू नका.

कुंभार पिंपळगावला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. आमचं म्हणजे मालकांचं. आमच्याकडे बाया नवऱ्याला मालक म्हणतात, आणि दुकानाचे मालकही तेच होते, त्यामुळे शब्द दोन्हीकडून बरोबर बसतो. ते डायनामो, सेल्फ, हॉर्न दुरुस्त करायचे. मी घरात बसून डायनामोच्या आतल्या आर्मेचरच्या तारा गुंडाळून द्यायची. पुढं दुकान वाढवायचं म्हणून घर आणि दुकान यांच्यातली भिंत पाडली, तेव्हापासून मी दुकानात. मला कुणी बोलावलं नव्हतं. भिंतच राहिली नाही.

तारा झाल्या, मग वायरिंग झालं, आणि होता होता मागचे दिवे माझ्याकडे आले. गाडीच्या पुढच्या दिव्यांत मालकांचा जीव होता. मागं कोण बघतं, म्हणून ते मला दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळची जीप कंपनीतून यायची तेव्हा तिला मागं छोटे लाल दिवे असायचे. 'मी इथं आहे' एवढंच ते मागच्या गाडीला सांगायचे. त्यांच्या उजेडात ड्रायव्हरला काही दिसत नसे. अंधारात गाडी मागं घ्यायची झाली की एक माणूस खाली उतरायचा, मागं उभा राहायचा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" करायचा आणि मग गाडीवर जोरात थाप मारायचा. थाप ऐकू आली तेव्हा गाडी बहुतेक वेळा कशाला तरी लागलेलीच असायची. आमच्याकडे रस्ते थोडे आणि वावरं जास्त. काळी माती, कडेला ओढा, मध्येच कठडा नसलेली विहीर. म्हणून ऐंशीच्या पुढं जीपा वाढल्या तसे लोक मागं पांढरा फोकस बसवून मागायला लागले.

आता फोकस म्हणजे बल्ब, काच आणि वाटी. त्यात निवडायचं काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

पहिल्यांदा एक शिटा भरणारा जीपवाला आला. त्याला आम्ही मागच्या फळीखाली चांगला फोकस लावून दिला. आठ दिवसांनी परत आला. "बाई, तुमच्या फोकसात मला काहीच दिसंना." मी त्याच्या गाडीमागं जाऊन उभी राहिले. गाडी भरलेलीच होती आणि मागच्या फळीवर चार-पाच जण लटकलेले होते. फोकसचा सगळा उजेड त्यांच्या पोटऱ्यांवर पडत होता. धोतरं, पायजमे, एकाच्या टाचेची भेग, सगळं लख्ख. मी म्हटलं, "यांना खाली उतरव, मंग दिसंल." तो म्हणाला, "उतरवलं तर गाडी कशाला पाहिजे?" मग आम्ही फोकस वर टपाच्या कॅरिअरला लावला. तर शिडीवर चढणाऱ्यांचे डोळे दिपायला लागले, आणि एकजण टपावरून थेट भाजीच्या पाटीत उतरला.

दुसरा घोटाळा रंगाचा. रस्त्यावर लाल दिसलं की गाडी चालली आणि पांढरं दिसलं की गाडी आली, असं बैलांनासुद्धा माहीत असतं. एक ड्रायव्हर मागचा पांढरा फोकस बंद करायला विसरून तसाच घनसावंगीपर्यंत गेला. त्याच्यामागून येणारा एक गाडीवान दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन भांडला. "ती जीप येत व्हती का जात व्हती, एवढंच सांगा मला. मी बैलं खाली उतरवून उभा राह्यलो, ती येईचना!" मालक हसले. मी हसले नाही. तो माणूस बराच वेळ उभा राहिला असणार. तेव्हापासून आम्ही मागच्या फोकसची तार गिअरबॉक्सच्या बटणाला जोडायला लागलो. रिव्हर्स गिअर पडला की दिवा लागणार, गिअर निघाला की विझणार.

आणि मग आले जमिनीतलं पाणी शोधणारे एक साहेब. त्यांना माळावर तंबू टाकून राहावं लागायचं. जीपची मागची फळी खाली पाडून त्यावरच ते जेवायचे. रिव्हर्सशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. त्यांना मुक्कामाचा दिवा हवा होता. पांढरा लावून दिला तर म्हणाले, "बाई, वरणात जिरं कोणतं आणि किडा कोणता ते ओळखू येत नाही. मला जेवण दिसलं पाहिजे, पण किड्यांना मी दिसता कामा नये." मग पिवळी काच लावून बघितली. पिवळ्यावर किडे कमी येतात, हे मला त्यांच्यामुळं कळलं. मुक्कामाचा दिवा तासन्‌तास जळतो आणि बॅटरी पिऊन टाकतो, मग सकाळी सगळ्यांनी मिळून जीप ढकलायची, हेही त्यांच्यामुळंच कळलं. म्हणून मुक्कामाला बारीक बल्ब.

या सगळ्यातून मी एक पद्धत पाडली होती. दुकानामागं सरकी ठेवायचं पत्र्याचं गोडाऊन होतं. दार लावलं की भर दुपारी आत काळोख. तिथं गाडी घालायची, फोकस हातानं धरून तात्पुरता जोडायचा, आणि ड्रायव्हर गाडीत बसणार, मी मागं उभी राहणार. गिऱ्हाईक सीटवर बसून "दिसतंय, दिसतंय" म्हणायचं. ते मी धरत नसे. दिव्याचा उजेड ज्याच्या अंगावर पडतो त्याला काय होतं, ते मला बघायचं असायचं.

इथपर्यंत मला वाटत होतं की आपल्याला हे काम येतं. मग खंडूजी आला.

खंडूजी आणि त्याची बायको गयाबाई मेंढरंवाले. हसनाबादकडचे, पण पीक निघालं की कळप घेऊन आमच्या बाजूला उतरायचे. शेतकरी त्यांची मेंढरं आपल्या वावरात बसवून घेतात, म्हणजे अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कळप त्या वावरात बसतो आणि जमिनीला खत मिळतं. आज याच्या वावरात, परवा त्याच्या. पूर्वी यांचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. नव्वदच्या पुढं खंडूजीनं एक जुनी जीप घेतली. तिच्यात भांडी, कळपाभोवती लावायच्या जाळ्या, लंगडी मेंढी, नुकती जन्मलेली कोकरं. गाडी गयाबाईचा भाऊ सोपान चालवायचा.

त्यांचं दुखणं असं होतं की कोकरं ऊब शोधत गाडीखाली शिरतात. गाडी मागं घेताना सोपानला ती दिसायची नाहीत. खंडूजी म्हणाला, "बाई, मागं असा दिवा बसवा का मुंगीबी दिसली पाहिजे." मालकांनी माझ्याआधी हात घातला. दुकानातला सगळ्यात मोठा पांढरा फोकस काढला. मी म्हटलं, "अवो, गोडाऊनमध्ये एकदा बघू." ते म्हणाले, "गोडाऊनमध्ये मेंढरं हैत का? काय बघतीस?"

तिसऱ्या दिवशी गयाबाई एकटी चालत आली आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहून तोंड सोडलं. "आक्का, दिवा लावून दिला का वीज पाडली? सोपान्यानं गिअर टाकला, अन्‌ सगळी मेंढरं उठून एकावर एक! जाळी तोडून गेली." मेंढरांचं तसं असतं. एक घाबरलं की सगळी एकाच कोपऱ्यात दाटतात, आणि खालची गुदमरून मरतात. त्या वेळी एकच मेंढी गेली. पण त्यांचं घर, दार, जमीन, पोरींची लग्नं, सगळं तो कळपच होता, आणि एका गिअरमध्ये तो जाऊ शकतो हे तिला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोपाननं जीप आणली, तेव्हा आम्ही तो पांढरा काढला आणि दुकानातल्या खिळ्याला अडकवला. मी साहेबांचा नमुना आठवून बारीक पिवळा लावला, खाली, फळीच्या आत, उजेड जमिनीवरच पडेल असा. वेगळं बटण दिलं, म्हणजे मुक्कामालाही वापरता येईल. गयाबाई खूश. कळप उठला नाही. तिला त्या उजेडात भाकरी थापता यायला लागल्या. मीही खूश होते. आता वाटतं, फार लवकर झाले.

कारण काही दिवसांनी ती पुन्हा आली. सोबत सोपान आणि जीप. "आक्का, आता कोकरं दिवा लागला का पळत येऊन त्याच्याखालीच बसून राह्यलीत. मुक्काम झाला वाटतं त्याहिला." मी डोक्याला हात लावला. एकच दिवा दोन कामांना दिला होता. मुक्कामाचा दिवा म्हणतो, या, बसा. रिव्हर्सचा दिवा म्हणतो, बाजूला व्हा. कोकरानं दोन्हीतलं काय समजायचं? पण बाजूला व्हा म्हणणारा दिवा लावला तर कळप दाटून मरतो. गयाबाई म्हणाली, "मंग करू काय?" मी म्हटलं, "बस. विचार करू दे."

मी विचार करत असतानाच शेजारच्या टेलिफोन बूथवाल्यानं हाक मारली. "बाई, फोन!" खंडूजीचा होता. तो त्या दिवशी मेंढरांचं औषध आणायला घनसावंगीला गेला होता. लाईन खरखरत होती. मला ऐकू आलं ते असं: "बाई... गया आल्ती का तिथं?... तिला सांगा, मागच्याच... बसवा म्हनावं. नवीन न्हाई. बिलकुल न्हाई. जल्दी सांगा..." आणि फोन कटला. मी रिसीव्हर आपटून बघितला. मेला होता तो.

दुकानात येऊन मी जसंच्या तसं सांगितलं. मालक खुर्चीतून उठलेच. "मागचाच म्हणाला असणार! म्हणजे आधीचा. माझा पांढरा! नवीन न्हाई म्हणतोय, म्हणजे तुझा पिवळा न्हाई. अजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, "मागचा म्हणजे मागच्या बाजूचा."

"मागच्या बाजूलाच तर बसवून राह्यलो. पुढं बसवणार व्हतो का?"

गयाबाईचं तोंड पडलं. "यड लागलं का ह्या मानसाला? एक मेंढी मारून पोट भरलं न्हाई?" मी तिला म्हटलं, "तू न्हाई म्हण. मी बसवीत न्हाई." ती म्हणाली, "कोकरं रोज गाडीखाली बसायला लागलीत म्हनून म्हनला आसंल. त्याला काही तरी दिसलं आसंल. बसवा." सोपान जीप लावायला उठला.

मालकांनी खिळ्यावरचा पांढरा उतरवला आणि गिअरला जोडला. मी गोडाऊनचा आग्रह धरला. तिथं मागं मी उभी राहिले. सोपाननं गिअर टाकला आणि माझे डोळे मिटले. मी मेंढी नाही, तरी दोन पावलं मागं सरकले.

पुढचं मी गयाबाईकडून ऐकलं आहे आणि खंडूजीकडूनही. दोघं वेगवेगळं सांगतात, पण एवढं जुळतं.

कळप त्या आठवड्यात एका ओढ्याच्या अलीकडच्या वावरात बसत होता. त्या दिवसापासून तो ओढ्याच्या पलीकडे, दुसऱ्या शेतकऱ्याच्या नव्या वावरात बसवायचं ठरलं होतं. नव्या वावराच्या कडेनं कपाशी उभी होती. दिवस मावळायला गयाबाई आणि सोपान तिथं पोचले. पोरींनी कळप हाकून आत घातला होता. काही मेंढरं कपाशीकडं तोंड करून निघालीही होती. सोपाननं भांडी उतरवायला गाडी मागं घेतली.

फोकस लागला. कळप उठला. या वेळी जाळी लावलेलीच नव्हती. सगळा कळप ओढ्यात उतरला आणि चढून परत अलीकडे आला, कालच्या ओळखीच्या वावरात. तिथं जाऊन उभा राहिला, धापा टाकत. ओढ्यात मात्र पाच मेंढरं खाली राहिली होती. त्यातली एक गयाबाईनं हातानं दूध पाजून वाढवलेली.

थोड्या वेळानं खंडूजी आला. उजेड अजून थोडा होता. लांबून त्याला कळप जुन्या वावरात दिसला आणि तो ओरडला, "बराबर बसवल्या! निरोप भेटला वाटतं!"

गयाबाई ओढ्यात बसलेली होती. ती म्हणाली, "कशाचा निरोप?"

तो फोनवर मला म्हणाला होता, मागच्याच वावरात बसवा. मेंढरं. मधला 'वावरात' हा शब्द खरखरीत गेला. औषधाच्या दुकानात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की नव्या वावराच्या कडेच्या कपाशीवर कालच जहाल फवारणी झाली आहे. मेंढरांनी ती पानं खाल्ली असती तर सकाळी एकही उठलं नसतं. म्हणून तो नवीन बिलकुल नको म्हणत होता. दिव्याचा त्यानं विचारही केला नव्हता. आम्ही दिवसभर दिवे बसवतो, म्हणून आम्हाला दिवा ऐकू आला. गयाबाई रोज मेंढरं बसवते, तिला तरी मेंढरं ऐकू यायला हवी होती. पण ती माझ्या दुकानात बसलेली होती, आणि माझ्या दुकानात बसवायचं म्हणजे दिवाच.

आठवडी बाजाराच्या दिवशी दोघं आले. खंडूजीनं नारळ आणला होता. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं मालकांचे पाय धरले. "तुमच्या फोकसानं माझं घर वाचलं. तो लागला नसता तर सगळा कळप कपाशीत गेला आसता." मालक एवढे फुगले की मला त्यांच्याकडं बघवेना. गयाबाई दाराबाहेरच उभी होती. मी तिला आत बोलावलं, तर म्हणाली, "मी नारळ घेऊन आलेली न्हाई."

"अगं, पन वाचलं की न्हाई?" खंडूजी म्हणाला.

"पाच वढ्यात मेलीत. वाचलीत ती तुमी मोजा. मेलीत ती मी मोजते."

मी विचारलं, "फवारणी झाल्ती हे नक्की?"

तिथं पुन्हा गाडी अडकली. खंडूजी म्हणाला, झाली होती. गयाबाई म्हणाली, दुसऱ्या दिवशी कपाशीवाला स्वतः येऊन शपथेवर सांगून गेला की त्यानं काहीच फवारलं नव्हतं, फवारणी लांबच्या दुसऱ्या शिवारात होती. खंडूजी म्हणाला, मेंढरं मेली असती तर अंगावर यायला नको म्हणून तो खोटं बोलतो. गयाबाई म्हणाली, "मेलेलीच न्हाईत त्याच्या कपाशीनं, तर तो खोटं कशापायी बोलंल?" दोघांचंही बरोबर वाटत होतं. मी अजूनही रात्रंदिवस नाही, पण अधूनमधून विचार करते. फवारणी झाली असेल तर चुकीच्या निरोपानं, चुकीच्या दिव्यानं कळप वाचला. झाली नसेल तर आम्ही पाच मेंढरं फुकट मारली. दिवा तोच. तारही तीच. मी कोणत्या गोष्टीला दिवा बरोबर म्हणू?

मग खंडूजी म्हणाला, "बाई, हा पांढरा आता काढायचा न्हाई. माझ्यासाठी तो देव हाये." गयाबाई म्हणाली, "आक्का, तो काढल्याबिगर मी गाडीमागं उभी राहनार न्हाई." आणि दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मालकही. सोपानसुद्धा.

इतकी वर्षं मी लोकांना फोकस निवडून देत होते. जीपवाल्याला, साहेबांना, ट्रॅक्टरवाल्यांना. त्या दिवशी निवडण्यासारखा दिवाच उरला नव्हता. मी उठले, पाना घेतला आणि बाहेर गेले. पांढरा काढला नाही. त्याची तार गिअरपासून तोडली. ती मागं आणली, फळीच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथं बाहेरून एक दाबायचं बटण बसवलं, वर रबराची टोपी. पिवळा मुक्कामासाठी होता तसा ठेवला, फक्त गाडी चालू झाली की विझेल असा करून दिला, म्हणजे कोकरं उठतील तरी. सोपानला म्हटलं, "गाडी मागं घ्यायची तर ही मागं उभी राहील. लागलं तर हीच दाबंल. तुझ्या हातात काही न्हाई." त्यानं मान हलवली. गयाबाईनं बटणावर अंगठा ठेवून बघितला आणि काढून घेतला. दाबलं नाही.

अशी पद्धत कुठल्या गाडीत नसते. मालक म्हणाले, "दिव्याचं बटण गाडीच्या बाहेर? लोक हसतील." मी म्हटलं, "हसू द्या."

दुसऱ्या वर्षी पीक निघाल्यावर ते पुन्हा उतरले. जीप बॅटरीसाठी दुकानात आली. खंडूजी काउंटरवर बसून दुसऱ्या गिऱ्हाईकांना सांगत होता, "पांढरा फोकस म्हंजे ह्यांचाच. रोज लावतो. रोज! त्याच्याबिगर गाडी मागं घेतच न्हाई." मी गाडीमागं गेले आणि टोपी वर करून बटण दाबलं. ते दबेना. कोळ्यानं आत घर केलं होतं आणि स्प्रिंग नव्यासारखी कडक होती. गयाबाई फळीवर बसून एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी टोपी परत लावली आणि आत जाऊन बॅटरीत पाणी घालायला लागले.